साल्हेरवर शिखर सगळे दाखवतात, वरच्या तळ्यांचं आणि टाक्यांचं कुणी नीट सांगेल का?

मृदगंध_ठाणे

नमस्कार मंडळी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर किल्ल्यावर जायचं ठरतंय, मी, नवरा आणि माझे बाबा. बाबा अडुसष्टचे आहेत पण चालायला दमदार आहेत, रोज पहाटे येऊरकडे चढून येतात. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली त्यामुळे कुठल्याही गडावर गेलो की आधी पाणी कुठून येतं, कुठे साठतं आणि जास्तीचं कुठून बाहेर पडतं हे बघितल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आता मलाही तीच सवय लागलीये. प्रॉब्लेम असा की साल्हेरचे जेवढे व्हिडिओ बघितले त्यात दरवाजे, ड्रोन शॉट आणि परशुराम मंदिराजवळचा सूर्योदय एवढंच आहे. गंगासागर तलाव दोन सेकंद दिसतो आणि पुढे पळतो. तो नक्की शिखरावर आहे की खाली? जानेवारीअखेर त्यात पाणी असतं का, पिण्यासारखं असतं का, की टाकी वेगळी आहेत? दुसरं म्हणजे बाबांना घेऊन साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला एकाच दिवशी जमेल का, आणि एक दिवस हातात उरला तर जवळपास अजून कुठे वर चढून चांगलं तळं बघायला मिळेल? मुक्काम गडावरच करायचा विचार आहे. ज्यांनी वेळ देऊन बघितलंय त्यांनी सांगा प्लीज, घाईघाईत टॉप मारून आलेल्यांचे रिव्ह्यू खूप वाचून झालेत.

घाटवाट्या

ताई, साल्हेरचा माथा म्हणजे एक सलग पठार नाही, तो मजल्यामजल्याने वर जातो हे आधी लक्षात घ्या म्हणजे बाकी सगळं सोपं होईल. पायथ्याच्या वाघांबे गावाकडून निघालात की पहिला टप्पा साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीपर्यंत. याला दीड-दोन तास धरा, बाबा सोबत आहेत तर दोनच धरा. खिंडीत उभं राहिलं की एका हाताला सालोटा आणि दुसऱ्या हाताला साल्हेरचा कातळ अंगावर येतो. तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात आणि एकामागून एक दरवाजे लागतात, मग कड्याच्या पोटातून आडवी वाट आहे, एका बाजूला खोदलेल्या गुहांची रांग आणि दुसऱ्या बाजूला दरी, आणि त्यानंतर परत दरवाजे. ते ओलांडले की एकदम मोकळं होतं. ती माची. तुमचा गंगासागर इथे आहे, शिखरावर नाही.

माचीवर वाड्यांची जोती पसरलेली आहेत, तळ्याच्या काठाला रेणुका मातेचं पडकं देऊळ आहे आणि जवळच गंगा-यमुना म्हणून टाकी आहेत, पिण्याचं पाणी तिथलं. तळ्याच्या वरच्या अंगाला खोदीव गुहा आहेत, बहुतेक लोक मुक्काम तिथेच करतात, ऐसपैस आहेत. गुहांच्या मागे जी टेकडी वर जाते तिच्या टोकावर परशुरामाचं छोटं देऊळ आणि आत पादुका. १५६७ मीटर ही जी उंची सगळीकडे लिहितात ती त्या टोकाची आहे. कळसूबाई १६४६ मीटर, त्याच्या खालोखाल महाराष्ट्रात हेच शिखर. आणि कळसूबाई किल्ला नसल्यामुळे राज्यातला सगळ्यात उंच किल्ला हाच. गुहेपासून टोकापर्यंत अर्धा तास पुरतो पण शेवटचा चढ उभा आहे आणि हिवाळ्यात वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते.

गुगल करताना एक लक्षात ठेवा, गंगासागर नावाचं तळं रायगडावर पण आहे, फोटो बघताना गल्लत होते.

बागलाणकर

राम राम मंडळी. मी सटाण्याचा. आमच्या बागलाणातल्या पाण्याबद्दल कुणी एवढ्या आस्थेने विचारतंय हे वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिकहून सटाणा ९० किलोमीटरच्या आसपास, पुढे ताहाराबाद, मग मुल्हेर आणि मग वाघांबे किंवा साल्हेरवाडी. ताहाराबादला गाडीत तेल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. मुल्हेरजवळ हरणबारी धरण आहे, मोसम नदीवरचं, काकांना तिथे अर्धा तास थांबू द्या कारण साल्हेरचं पाणी नंतर कुठे जातं ते समजायची सुरुवात तिथून होते. मोसम या साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरातूनच निघते, ताहाराबादवरून खाली मालेगावला जाते, तिथे गिरणेला मिळते, गिरणा तापीला आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. आणि गडाच्या पश्चिमेचे जे उतार आहेत त्यांचं पाणी गुजरातच्या डांग भागात उतरतं, ते पण गुजरातच्या किनाऱ्यालाच जातं. म्हणजे परशुरामाच्या टोकावर पडलेला पाऊस पूर्वेला गेला काय आणि पश्चिमेला गेला काय, शेवटी अरबी समुद्रच. सह्याद्रीत असं सगळीकडे नाही, सातमाळा रांग ओलांडून दक्षिणेला गेलात की पूर्व उताराचं पाणी गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं. आमच्याकडचा हा कोपरा वेगळा आहे आणि परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला, कोकणची जमीन मोकळी केली अशी कथा पण याच टोकाची सांगतात. समुद्र दिसत नाही तिथून, पण पाणी मात्र त्याच्याचकडे जातं.

वाट कुठली घ्यायची? साल्हेरवाडीची वाट पण चांगली आहे, तिकडूनही दरवाज्यांची रांग आहे. मी काकांना वाघांब्याने चढवेन आणि साल्हेरवाडीने उतरवेन, म्हणजे गडाच्या दोन्ही बाजू बघून होतात, गाडी फिरवून आणायची सोय गावातल्या कुणाला सांगून होते. जेवणाचं पण गावातच सांगा आदल्या दिवशी फोन करून, नागलीची भाकरी, ठेचा, उडदाची डाळ. चार पैसे गावात राहतात.

अजून एक. इथली बहुतेक वस्ती कोकणा आणि भिल्ल. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, त्यात व्रताला बसलेल्यांना माऊल्या म्हणतात, पावरी हे वाद्य वाजतं, रात्ररात्र नाच चालतो आणि पौर्णिमेला डोंगरातल्या देवाच्या ठिकाणी जातात. तुम्ही जानेवारीअखेर येताय म्हणजे तो काळ उरकलेला असेल, पण हा धागा वाचून कुणी डिसेंबरात येणार असेल तर त्यांनी विचारल्याशिवाय मोबाईल पुढे करू नये. आमच्यासाठी हा डोंगरच देव आहे, त्याच्यावरचं पाणी पण.

मृदगंध_ठाणे

बापरे, किती छान माहिती. दोघांचेही मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं, ते लगेच नकाशा घेऊन बसले आणि मोसम-गिरणा-तापी बोटाने काढून झाली. आता त्यांचा प्रश्न लिहितेय त्यांच्याच शब्दांत: एवढ्या उंचावर, ज्याला वरून दुसरं पाणलोट क्षेत्रच नाही अशा ठिकाणी, तळं उन्हाळ्यापर्यंत टिकतं कसं? आणि तळं असताना वेगळी टाकी का खोदली?

कातळमास्तर

काकांचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो आणि साल्हेर-मुल्हेरला मुलांना घेऊन जातो ते यासाठीच.

पाणलोट अगदीच नाही असं नाही. माचीच्या वर जी परशुरामाची टेकडी आहे तिच्या उतारावरचं सगळं पाणी माचीवरच येतं ना. टेकडी छोटी दिसते पण पावसाळ्यात ढग तिला चार महिने सोडत नाहीत. आता ते पाणी थांबतं का, तर दगडामुळे. आपला सगळा सह्याद्री बेसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हा थरावर थर असा पसरत गेला. प्रत्येक थर सारखा नाही. काही थर घट्ट, कठीण, त्यांचे उभे कडे होतात. काही थर पोकळ्यांचे, मऊ, ते लवकर झिजतात आणि त्यांचे उतार नाहीतर सपाट्या होतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो, तुम्ही घाटात रस्त्याच्या कडेला विटकरी रंगाची आडवी रेघ बघितली असेल तीच. एक लाव्हा येऊन गेला, वरचा भाग हवापाण्याने कुजला आणि मग दुसरा लाव्हा त्याच्यावर आला की तो भाजून लाल होतो. हा पट्टा चिकणमातीचा असल्याने पाणी खाली झिरपू देत नाही, मग ते आडवं सरकतं आणि जिथे कड्यात थर उघडा पडलाय तिथे पाझर होऊन बाहेर येतं.

आता गड चढताना हेच बघत चला. कडा, सपाटी, कडा, सपाटी. घाटवाट्यांनी जे मजले म्हटले ते हेच थर. खिंड, दरवाज्यांचा कातळ, गुहांची आडवी वाट, माची, वरची टेकडी, सगळं थरांप्रमाणे बसलंय. ज्यांनी हा गड वसवला त्यांनी भूशास्त्राचं पुस्तक वाचलेलं नव्हतं पण कुठल्या उंचीवर कातळ ओला राहतो हे त्यांना डोळ्यांनी कळत होतं, आणि टाकी नेमकी तिथे मारली.

तळं आणि टाकं यातला फरक. तळं उघडं, पसरट आणि उथळ. पावसाळ्यात भसकन भरतं पण ऊन आणि वारा त्यातलं पाणी उडवतात, वरची माती वाहून येते, गाळ साठतो, शेवाळ धरतं, पूर्वी घोडी-जनावरं पण तिथेच यायची. टाकं कातळात खोल खोदलेलं, तोंड लहान, बऱ्याचदा वर कातळाचं छत सोडलेलं आणि आधाराला खांब, त्याला खांबटाकं म्हणतात. सावली आहे म्हणून पाणी थंड राहतं, उडत नाही, शेवाळ कमी आणि पाझर असेल तर हळूहळू भरत राहतं. एकाला लागून एक अशी टाकी असली तर पहिल्यात गाळ बसतो आणि पुढच्यात निवळ पाणी जातं. काका पाटबंधाऱ्यातले आहेत, त्यांना हे बघून आनंद होईल. आणि टाकं खोदताना निघालेला दगड वाया जात नाही, तोच तटाला, दरवाज्याला, वाड्याच्या जोत्याला लागतो. एका कामात दोन कामं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, गडाच्या पाण्याबद्दल जे लिहिलंय ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे पण साल्हेर बघताना मला दर वेळी आठवतं. आधी पाणी बघा मग किल्ला बांधा. पाणी नसेल आणि जागा तर हवीच असेल तर खडक फोडून पुढच्या पावसापर्यंत पुरेल एवढी तळी-टाकी करा. झरा आहे, भागतंय, म्हणून निर्धास्त राहू नका कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात. आणि जपून ठेवलेलं पाणी सहसा खर्चू नका. केवढा व्यवहारी विचार आहे हा. एक साठा रोजचा आणि एक साठा अडीअडचणीचा.

आता इतिहास याच्याशी जोडा. १६७१ मध्ये महाराजांनी साल्हेर घेतला, मोगलांनी वेढा घातला आणि फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले आणि गडाच्या पायथ्याच्या मोकळ्या रानात मोगली फौज मोडली. इखलासखान, बहलोलखान त्या बाजूला, सूर्याजी काकडे आपल्या बाजूचे पडले. समोरासमोर मैदानात जिंकलेली एवढी मोठी लढाई म्हणून सगळे तिचं कौतुक करतात आणि ते बरोबरच आहे, पण मदत पायथ्याशी पोचेपर्यंत वरचे लोक टिकून होते हे विसरू नका, आणि वेढ्यात टिकायचं तर दाणागोट्याइतकंच पाणी लागतं. म्हणून मुलांना मी गंगासागरच्या काठावर बसवून ही लढाई सांगतो, पायथ्याशी नाही.

रानवारा७

मास्तर जबरदस्त लिहिलंय, सेव्ह केलं. एक जरा वेगळं मत. गंगासागरचं पाणी पिऊच नये असं काही नाही, जानेवारीत चांगलं असतं, गाळून उकळून आम्ही घेतलंय. आणि मुक्काम गुहेत करण्यापेक्षा तळ्याकाठी टेंट टाकलेला बेस्ट, सकाळी उठल्या उठल्या पाण्यात टेकडीचं प्रतिबिंब, आंघोळीची पण सोय होते.

बागलाणकर

रानवारा भाऊ, राग मानू नका पण आंघोळीची सोय हा शब्द वाचून वाईट वाटलं. ते तळं आहे केवढंसं. त्याला नदी येऊन मिळत नाही, त्यातून नदी निघत नाही. पावसाळा संपला की जे आत आहे ते पुढच्या पावसापर्यंत तसंच थांबतं. तुमच्या अंगाचा साबण, शाम्पू, भांड्याचं तेल, सनस्क्रीन, जे काही उतरेल ते जूनपर्यंत तिथेच राहणार. गावातल्या गुराख्यांची जनावरं पितात ते पाणी, रानातली पितात, पाखरं येतात. मे महिन्यात त्याच पाण्याचं काय होतं ते बघायला फार लोक येत नाहीत कारण उन्हात कुणी ट्रेक करत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले त्यात साल्हेर आहे, आम्हाला सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, तालुक्यात पेढे वाटले. पण तेव्हापासून शनिवार-रविवारी माणसं वाढली आहेत आणि अजून वाढणार. दहाजण आंघोळ करायचे तेव्हा तळ्याने सोसलं, दोनशे झाले तर नाही सोसणार. पाणी हवं तर बादलीने नाहीतर बाटलीने काढा, काठापासून लांब जा, तिथे हात-तोंड धुवा, साबण न लावता. भांडी राखेने नाहीतर मातीने घासा आणि ते पाणी पण तळ्याकडे उतरणार नाही अशा ठिकाणी ओता. टाक्यात तर हातसुद्धा घालू नका, दोर आणि डबा न्या.

रानवारा७

मान्य दादा. हा विचार खरंच केला नव्हता कुणी ग्रुपमध्ये. पुढच्या वेळी दोर-डबा नक्की, आणि ग्रुपवर तुमची पोस्ट टाकतोय.

दुर्गसखी

टेंटबद्दल मी पण एक बोलते, तळ्याच्या अगदी काठाला जिथे सपाट आणि मऊ दिसतं तीच जागा पावसाळ्यात पाणी आत यायची असते. तिथे माती दाबली गेली, गवत गेलं की पुढच्या पावसात ती सगळी माती तळ्यात. त्यापेक्षा गुहा छान आहेत, वारा लागत नाही, थंडीत काकांना तेच बरं.

आता सालोट्याचं. मृदगंध ताई, मी माझ्या सासऱ्यांना साल्हेरला नेलंय पण सालोट्याला नेलं नाही. सालोटा साल्हेरपेक्षा बुटका आहे म्हणून लोक सोपा समजतात, तसा नाही. खिंडीतून आडवं जाताना घसारा आहे, बारीक खडी पायाखालून सरकते, एका बाजूला उतार सरळ खाली, मग खोदलेल्या अरुंद पायऱ्या आणि कातळातले दरवाजे. दरवाजे अप्रतिम आहेत, वर टाकी आहेत, गुहा आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथून समोर साल्हेरचा अख्खा कातळ आणि त्यावरची दरवाज्यांची वाट एका नजरेत दिसते, जी साल्हेरवर उभं राहून दिसत नाही. पण चढण्यापेक्षा उतरणं अवघड. तुमच्या नवऱ्याने आणि तुम्ही जाऊन या, बाबांना खिंडीत सावलीत बसवा सोबत कुणीतरी गावातलं ठेवून. आणि जायचंच तर पहिल्या दिवशी सकाळी, पाय ताजे असताना. साल्हेर उतरून आल्यावर सालोटा नको.

दुसऱ्या दिवसासाठी डोळे मिटून मुल्हेर. बाबांसाठी तर साल्हेरपेक्षाही मुल्हेर असं मी म्हणेन. बागुल राजांची ही राजधानी, १६३८ मध्ये मोगलांनी बागलाण घेतलं तोपर्यंत. एकाला लागून तीन किल्ले आहेत, मधे मुल्हेर, एका बाजूला मोरा आणि दुसऱ्या बाजूला हरगड. माचीवर झाडी दाट आहे त्यामुळे चालायला गारवा. तिथे गणेश मंदिर आहे आणि त्याच्यापुढे तळं, पाणी असलं की मागच्या डोंगरासकट देऊळ त्यात उतरलेलं दिसतं, बाबांना तिथून उठवणं अवघड जाईल. पुढे सोमेश्वराचं देऊळ. मग मोती तलाव, तो मोठा साठा, माचीवरच्या वस्तीसाठीचा. तिथून वर चढून बालेकिल्ल्यावर गेलात की ओळीने नऊ टाकी आहेत. मास्तर म्हणाले ते एकाला लागून एक टाक्यांचं प्रकरण तिथे उभं राहून बघा, कुठलं निवळ आहे, कुठल्यात गाळ आहे. शेवटी भडंगनाथाचं देऊळ. सगळं बघायचं तर पूर्ण दिवस लागतो, घाई केलीत तर मोती तलावावरून परत फिरावं लागेल.

मुल्हेर गावात उद्धव महाराजांची समाधी आहे आणि कोजागरीला तिथे रासक्रीडेचा उत्सव होतो, रात्रभर. कधी ऑक्टोबरात येणं झालं तर बघा.

कातळमास्तर

दुर्गसखींशी शंभर टक्के सहमत, मुल्हेर चुकवू नका. फक्त एक भर. साल्हेरच्या माचीवर तळं एक आणि टाकी मोजकी, मुल्हेरच्या माचीवर पाणी जागोजाग. दोन्ही गड एकाच रांगेत, दगड तोच, पाऊसही साधारण तसाच, मग फरक कशाचा? मुल्हेरची माची रुंद आहे आणि तिच्या वर बालेकिल्ल्याचा भला मोठा डोंगर आहे, म्हणजे पाणी गोळा करणारी जागाच जास्त. राजधानी तिकडे झाली आणि साल्हेर लष्करी ठाणं राहिलं याला इतर कारणं असतीलच, पण मला हे कारण मोठं वाटतं. काकांनी दोन्ही बघून काय वाटलं ते इथे जरूर लिहा, त्यांचं मत ऐकायला आवडेल.

सटरफटर_ट्रेकर

धागा वाचतोय. एक छोटा प्रश्न, परशुरामाच्या टोकावरून नक्की काय काय दिसतं? मागच्या वेळी धुकं होतं.

घाटवाट्या

हवा स्वच्छ असेल तर जवळजवळ सगळं बागलाण. अगदी समोर सालोटा. त्याच्या बाजूला मुल्हेर, मोरा, हरगड. उत्तरेच्या रांगेत मांगी-तुंगीचे दोन सुळके, ते तर कुणीही ओळखेल, आणि त्यांच्या बाजूला तांबोळ्या, न्हावीगड. दक्षिणेला लांब बघा, धोडप दिसला पाहिजे, त्याची भिंत आणि भिंतीतली चौकोनी खाच हीच खूण, आणि त्याच ओळीत सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या. पश्चिमेला डांगाचं जंगल. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलात तर हवा धुतलेली असते आणि माचीवर सोनकी फुललेली असते, तळंही काठोकाठ. माझ्या मते साल्हेरचा खरा सीझन तोच. जानेवारीत गवत पिवळं पडतं पण थंडी आणि रात्रीचं आकाश काय असतं विचारू नका.

मृदगंध_ठाणे

सगळ्यांचे खूप खूप आभार, प्रिंट काढलीये या धाग्याची, बाबांच्या चष्म्याला मोबाईल सोसत नाही म्हणून. आता प्लॅन असा: पहिल्या दिवशी पहाटे वाघांबे, खिंडीत बाबा आणि गावातला एक माणूस थांबेल, आम्ही दोघं सालोटा करून येऊ, मग सगळे मिळून साल्हेर, गुहेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी साल्हेरवाडीने उतरून हरणबारी बघत मुल्हेर गावात मुक्काम. तिसऱ्या दिवशी मुल्हेर पूर्ण. दोर, झाकणाचा डबा आणि गाळायला पंचा घेतलाय, साबण घरी. बाबा म्हणतात टाक्यांची लांबी-रुंदी-खोली मोजायला टेप पण घ्यायची, चालेल ना? टाक्याला काही होणार नाही ना त्याने?

शेवटचा प्रश्न, टोकावर सूर्यास्ताला जावं की सूर्योदयाला? दोन्ही वेळा बाबांना चढवायचं नाहीये.

कातळमास्तर

टेप जरूर न्या, काठावरून सोडा, खोलीसाठी दोरीला दगड बांधून सोडायचा तर दगड आधी धुऊन घ्या. किती खाली पाणी आहे तेही लिहून ठेवा, तारीख घालून. असं कुणी दर वर्षी लिहून ठेवलं तर फार उपयोगाचं होईल.

बागलाणकर

सूर्योदय. सालोटा करून मग साल्हेर चढल्यावर संध्याकाळी तुमचे पाय बोलत असतील, टोकावरून अंधारात उतरायला नको. संध्याकाळी तळ्याकाठी निवांत बसा, पहाटे साडेपाचला बॅटऱ्या घेऊन निघा, काकांना मफलर आणि कानटोपी. आणि वाघांब्याला निघायच्या आदल्या दिवशी इथे मेसेज टाका, गावात ओळखीचे आहेत, जेवणाचं आणि सोबतीच्या माणसाचं सांगून ठेवतो.